घड्याळाच्या हातीं पत्ते

जुगाराचें नांव निघतांच आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, हें आम्ही जाणून आहों. तरीहि या महिन्यांत पत्त्यांच्याच एका खेळाविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या गोष्टीची घराघरांत कुजबूज चालते, पण चारचौघांत बोलावयाची चोरी असते, अशा गोष्टी या सदरानें आजवर टाळलेल्या नाहींत. शिवाय आपले पूर्वज या बाबतींत आपण समजतों तितके सोंवळे नव्हते. वेरूळच्या रामेश्वर लेण्यांत प्रत्यक्ष शिवपार्वती फांशांचा डाव मांडून बसलेलीं शिल्पकारानें कोरलीं आहेत. राजानें द्यूत आपल्या राज्यांतून हद्दपार करावें, असें मनूनें सांगितलें खरें. पण कौटिल्य पडला व्यवहारी. त्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमून दिला. खेळ एकाच नेमलेल्या ठिकाणीं व्हावा, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड व्हावा, फांसे अध्यक्षानें पुरवावे, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा ५ राजाकडे जमा व्हावे. खेळ चांगला कीं वाईट हा वाद बाजूस ठेवून, चाललाच तर तो खोट्या फांशांनीं चालूं नये, एवढी दक्षता त्यानें घेतली. आमचा आजचा प्रश्न त्याच्याच पुढचा आहे. फांसे खोटे नसतां, पत्ते नीट पिसलेले असतां, वाटणारा प्रामाणिक असतांहि डाव विषम होऊं शकतो काय?

प्रश्न निघाला तो असा. अंबरनाथास राहणारे आमचे एक जुने विद्यार्थी परवां आपल्या चिरंजिवांस घेऊन आमच्याकडे आले. चिरंजीव संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहेत. पूर्वीं ते रात्रीं जागून मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हां तें थांबलें. पण नाद थांबला नाहीं. आतां ते रजा काढून गोव्यास स्पर्धा खेळावयास जातात. वडील म्हणाले, "गुरुजी, हा जुगार आहे हें तुम्हींच एकदां याला सांगा." मुलगा हंसून म्हणाला, "आजोबा, तुम्ही ब्रिज खेळतां ना? मग यांत वावगें तें काय? हा सुद्धां डोक्याचाच खेळ आहे."

दोघांचीहि बाजू कोर्टांत टिकण्यासारखी होती, आणि टिकलीहि आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ च्या एका निकालांत रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, कारण पडलेलीं पानें लक्षांत ठेवावीं लागतात, कोणतें ठेवावें व कोणतें टाकावें हें ठरवावें लागतें. आणि तीन पानांचा जो डाव दिवाळींत आमच्याकडे घरोघर चालतो, तो निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूस काढला. पोकरच्या बाबतींत मात्र न्यायमूर्तींचें एकमत नाहीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ मध्यें तो नशिबाच्या पारड्यांत टाकला. इतर कांहीं न्यायालयांचा कल निराळा पडला. बाप आणि मुलगा दोघेहि हाच काथ्याकूट करीत होते, कीं या खेळांत नशीब किती आणे आणि बुद्धि किती आणे. आमच्या मतें हा हिशेब पत्त्यांकडे पाहून सुटावयाचाच नाहीं. तो सुटतो घड्याळाकडे पाहून.

ज्या वाचकभगिनींना मेंढीकोट व बदाम सात यांपलीकडे पत्त्यांशीं परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. या खेळाचा जो प्रकार स्पर्धांत सर्वाधिक चालतो, त्यांत प्रत्येकास दोन पानें पालथीं मिळतात आणि पांच पानें सर्वांच्या सामाईक उपयोगासाठीं मध्यें उघडीं मांडलीं जातात. उघडीं पानें एकदम नव्हे, टप्प्याटप्प्यानें येतात, आणि दर टप्प्यास बोली होते. हातांत कांहीं नसतां मोठी बोली करून दुसऱ्यास घाबरविणें, आणि हातांत सर्व असतां गरीब चेहरा करून बसणें, यांत खेळाची खुमारी. स्पर्धेंत प्रवेश-शुल्क भरलें कीं प्रत्येकास सारख्याच रंगीत चकत्या मिळतात. चकत्या संपल्या कीं तो उठला. कोणीहि पत्ते चांगले येईपर्यंत स्वस्थ बसूं नये म्हणून दर डावास दोघांनीं, आळीपाळीनें, पानें पाहण्यापूर्वींच सक्तीची रक्कम टाकावयाची असते. ही सक्तीची रक्कम ठराविक वेळानें वाढत जाते. ग्यानबाची मेख ती येथें.

पाटी-पेन्सिल घेऊन पाहावें. नऊजण बसले आहेत. सक्तीच्या रकमा १ आणि २ चकत्या आहेत. म्हणजे एक फेरी पुरी होईतों प्रत्येकाच्या ३ चकत्या जातात. ज्याच्यापाशीं ६० चकत्या आहेत, तो कांहींहि न करतां २० फेऱ्या, म्हणजे १८० डाव टिकेल. एवढ्या अवकाशांत तो समोरच्यांचे स्वभाव पाहील, कोण खोटें बोलतो तें ओळखील, आणि योग्य वेळीं हात घालील. आतां त्याच सक्तीच्या रकमा घड्याळानें १० आणि २० वर नेल्या असें समजा. फेरीस ३० चकत्या जातील. ६० वाला दोन फेऱ्यांत, १८ डावांत, रिकामा होईल. त्याला वाट पाहण्याची सोयच उरली नाहीं. येईल त्या पानावर सर्वस्व लावून डोळे मिटावयाचे, एवढेंच त्याच्या हातीं. पत्ते तेच, माणसें तींच, बुद्धिहि तीच. केवळ वीस मिनिटांनीं वाढवावयाची रक्कम दोन तासांनीं वाढविली, तर जो खेळ बुद्धिबळाच्या शेजारीं बसतो, तोच उलट केला कीं छापा-काट्याच्या शेजारीं जाऊन बसतो. आणि हा काळ कोण ठरवितो? ज्याला दिवाणखाना अमुक वाजतां रिकामा करून हवा आहे तो. ज्याला एका दिवसांत दोन स्पर्धांचें शुल्क घ्यावयाचें आहे तो. आणि, थोड्याच वर्षांपासून, ज्याला रात्रींच्या अमुक तासांत तो खेळ पडद्यावर दाखवावयाचा आहे तो.

हा शेवटचा गृहस्थ सर्वांत बलवान ठरला. पोकर हा पाहावयास अत्यंत कंटाळवाणा खेळ. पालथीं पानें धरून बसलेलीं माणसें किती वेळ पाहावीं? १९९९ मध्यें ब्रिटनमधील एका वाहिनीनें टेबलाला कांच बसवून खालून कॅमेरा लावला आणि पालथीं पानें घरीं बसलेल्या प्रेक्षकांना दाखविलीं. खेळ पाहण्याजोगा झाला. कारण दोघांचींहि पानें आपणांस ठाऊक आणि त्यांस मात्र एकमेकांचीं ठाऊक नाहींत, यासारखा नाटकी प्रसंग नाहीं. पण यांत एक फरक कोणाच्या लक्षांत चटकन् आला नाहीं. न दाखवितां टाकून दिलेलें पान हें खेळाडूचें खाजगी धन असे. त्यानें रिकाम्या हातानें केलेली दटावणी यशस्वी झाली तर ती त्याच्यापाशींच राही. कॅमेऱ्यानें तें धन जगजाहीर केलें. पण सर्वांचें नव्हे, कॅमेऱ्याखालच्या टेबलावर ज्यांस बसविलें त्यांचेंच. बाकीच्या शेंकडों लोकांचीं गुपितें शाबूत राहिलीं.

अमेरिकेंत लास व्हेगास येथें १९७० पासून पोकरची जागतिक मालिका भरते; तिच्या मुख्य स्पर्धेचें शुल्क १०,००० डॉलर आहे. ही स्पर्धा उन्हाळ्यांत होई आणि तिचीं चित्रें पुढें कित्येक आठवड्यांनीं दाखविलीं जात. तोंवर जिंकलें कोण हें सर्वांस ठाऊक झालेलें असे, आणि वाहिनीला ही रुखरुख होती. २००८ सालीं यावर उपाय निघाला. जुलैमध्यें हजारोंतून शेवटचे नऊ उरले, कीं तेथेंच डाव थांबवावयाचा; चकत्या मोजून बंद करून ठेवावयाच्या; नवव्या क्रमांकाचें बक्षीस प्रत्येकास देऊन घरीं पाठवावयाचें; आणि नोव्हेंबरांत पुन्हां बोलावून, तेव्हांच्या तेव्हां पडद्यावर शेवट दाखवावयाचा. ही पद्धत २०१६ पर्यंत, नऊ वर्षें चालली.

जवळजवळ चार महिन्यांची विश्रांति म्हटली तर सर्वांस सारखीच. कोणाची बाजू घेतलेली नाहीं, कोणाचें पान बदललेलें नाहीं. परंतु ज्या नऊजणांनीं जुलैंत दिवसचे दिवस सलग बसून, थकवा सोसून, एक विशिष्ट मनःस्थिति कमावली होती, ती नोव्हेंबरांत राहील काय? मधल्या काळांत ज्याच्यापाशीं पैसा व ओळखी होत्या, त्यानें शिक्षक ठेवले, समोरच्या आठजणांचे पडद्यावर येणारे जुने डाव पुनःपुन्हां पाहिले, संगणकावर सराव केला. २००९ मध्यें त्या नऊजणांत मेरीलँडचा डार्विन मून नांवाचा एक लांकूडतोडीचा धंदा करणारा गृहस्थ होता. लहानशा पात्रता-स्पर्धेंतून तो वर आलेला. जुलैंत डाव थांबला तेव्हां सर्व चकत्यांपैकीं सुमारें तीन दशांश एकट्या त्याच्यापुढें होत्या. अंगरख्यावर कंपन्यांचे बिल्ले लावून पैसे घेण्यास त्यानें नकार दिला, आणि तो आपल्या जंगलांत परतला. नोव्हेंबरांत जिंकला तो २१ वर्षांचा जो काडा; जुलैंत त्याच्या चकत्या मूनच्या पावाहूनहि कमी होत्या. मून दुसरा आला. मधल्या महिन्यांनींच त्याला हरविलें असें आम्ही म्हणत नाहीं. काडास पानेंहि वेळेवर आलीं आणि तो निष्णात होता. पण दुसऱ्याच दिवशीं डाव मांडला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न मूनला विचारण्याचा हक्क होता, आणि त्याचें उत्तर जाहिरातींच्या कोष्टकाखालीं कायमचें पुरलें गेलें, एवढें खास.

२०११ मध्यें आणखी एक पाऊल पुढें गेलें. शेवटची बैठक अवघ्या १५ मिनिटांच्या अंतरानें, पालथ्या पानांसह, प्रक्षेपित होऊं लागली. प्रेक्षकांत बसलेले खेळाडूंचे मित्र मोबाइलवर तें पाहत, आणि पाव तासापूर्वीं कोणीं खोटी बोली केली होती हें आपल्या माणसाच्या कानावर घालीत. ज्याचे मित्र अधिक व जाणते, त्याला डोळे अधिक. पुढें २०२४ च्या अंतिम बैठकींत विजेत्याचे मित्र लॅपटॉप उघडून त्याला सल्ला देत असल्यावरून बराच वाद माजला. २०१७ मध्यें चार महिन्यांचा खंड जाऊन बैठक पुन्हां जुलैंत, दोन दिवसांच्या विश्रांतीनें, झाली, हें एक बरें झालें. तेंहि न्यायबुद्धीनें कीं प्रक्षेपणाचा नवा करार झाल्यानें, हें वाचकांनीं ओळखावें.

आमच्या संस्कृतच्या तासाला सभापर्व शिकवितांना एक गोष्ट मुलांच्या नजरेस आम्ही आवर्जून आणून देत असूं. द्यूतसभेंत युधिष्ठिराचा एक आक्षेप फांशांवर नव्हता. दुर्योधनाच्या वतीनें शकुनि खेळणार, एकानें दुसऱ्यासाठीं खेळावें, हें त्याला विषम वाटलें. विषम म्हणजे ज्याचीं दोन टोकें सारखीं नाहींत तें. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पहिला डाव झाला, धृतराष्ट्रानें सर्व परत केलें, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. तेवढ्यांत दूत धाडून त्यांस परत बोलावलें आणि एका डावावर बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास लावला. डाव संपला केव्हां आणि पुन्हां सुरू केव्हां, हें एकाच पक्षानें ठरविलें. शकुनीच्या फांशांवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. या वेळापत्रकावर मात्र फारशी झाली नाहीं.

असो. त्या चिरंजिवांस आम्हीं विचारलें, "बाळ, तूं गोव्यास जातोस तेथें रक्कम किती मिनिटांनीं वाढते?" तो क्षणभर थांबला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. मग त्यानें मोबाइलवर पत्रक काढून दाखविलें. त्यावरून आणखीहि एक गोष्ट कळली. अशा स्पर्धांचा पहिला दिवस एकच नसतो; तीनचार तुकड्यांत तो निरनिराळ्या दिवशीं घेतात. एका तुकडींत चकत्या संपल्या तर नवें शुल्क भरून पुन्हां बसतां येतें. म्हणजे ज्याला आठवडाभर मांडवीच्या कांठीं राहण्याची ऐपत आहे, त्याला तीन वेळां दैव अजमावतां येतें. आणि अंबरनाथच्या नोकरदारास शनिवारच्या रजेवर एकदांच. त्यांतहि रविवारीं संध्याकाळची गाडी गांठावयाची असेल, तर त्याच्यापुरतें घड्याळ आणखी जोरानें पळतें. एकदां गाडीची वेळ जवळ आली म्हणून नको त्या पानावर आपण सर्वस्व लावलें, हें त्यानें वडिलांसमोरच प्रांजळपणें सांगितलें. वडिलांना वाटलें, आतां गुरुजी उपदेश करणार. आम्हीं त्यांच्यापुढें पाटी सरकविली आणि पत्रकांतल्या रकमांवरून ६० चकत्यांचें गणित त्या दोघांकडूनच करून घेतलें. मुलाचा चेहरा जरा उतरला. बुद्धीचा खेळ म्हणून तो जेथें जात होता, तेथें चौथ्या तासानंतर बुद्धीला फारसें काम उरत नव्हतें. पैसे मात्र बुद्धीच्या भरंवशावर भरलेले.

हें सर्व परक्या देशांतलें आणि परक्या खेळाचें, असें कोणास वाटेल, म्हणून आपल्या लाडक्या खेळाकडे वळूं. २०२४ च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकांत भारत उपांत्य फेरींत गेलाच तर तो गटांत कितवाहि आला तरी २७ जूनचा गयानाचाच सामना खेळेल, हें आधींच ठरलें होतें. कारण उघड होतें. तो सामना तेथें सकाळीं साडेदहाला, म्हणजे आपल्याकडे रात्रीं आठ वाजतां सुरू होणार होता. आणि दुसरा उपांत्य सामना आपल्या पहांटेस. शिवाय दुसऱ्या सामन्यास पावसासाठीं राखीव दिवस होता, गयानाच्या सामन्यास नव्हता. त्याला २५० मिनिटांची जादा वेळ तेवढी दिली होती. पाऊस थांबलाच नसता तर गटांत पहिला असल्यामुळें भारत न खेळतां अंतिम फेरींत गेला असता. सामना झाला, भारत ६८ धावांनीं जिंकला, आणि आमच्या गल्लींत फटाके वाजले. आम्हीहि गॅलरींत उभे होतों. परंतु इंग्लंडच्या संघास आपलें मैदान आधीं ठाऊक नव्हतें आणि आपल्यास होतें, ही गोष्ट त्या आनंदानें पुसली जात नाहीं. आपल्या बाजूनें झुकलेला तराजू डोळ्यांस सहसा दिसत नाहीं म्हणून ही आठवण.

याहून जवळचें उदाहरण तर घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. थंडीच्या दिवसांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील मैदानांवर टेनिसच्या चेंडूचे रात्रीचे सामने भरतात. दिव्यांचा लखलखाट, ध्वनिक्षेपकावरचें समालोचन, आणि हल्लीं मोबाइलवर थेट दर्शन. मुलें जीव तोडून खेळतात. बक्षिसाच्या रकमेवर कित्येकांचा महिना निघतो. आठाचा सामना दहाला सुरू होतो, कारण प्रमुख पाहुणे आलेले नसतात. ते आले कीं चालू षटक थांबवून शाल-श्रीफळ होतें, कारण चित्रण करणारास तेवढ्याच वेळांत त्यांचा चेहरा हवा असतो. गोलंदाजाचा हात तोंवर गार पडतो. मग उशीर भरून काढण्यासाठीं पुढच्या सामन्याचीं दोन षटकें कापतात. मध्यरात्रीपर्यंत दंव पडून चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटूं लागतो. त्या वेळीं गोलंदाजी ज्याच्या वांट्याला येईल तो संघ निम्मा हरलेलाच. आणि त्यांत कर्जत-वांगणीकडून आलेलीं मुलें असतील, तर त्यांचे डोळे फलंदाजाकडे कमी आणि शेवटच्या लोकलच्या वेळेकडे अधिक. पंच निःपक्षपाती असतो. नाणेंहि खरें असतें.

आमच्या लोकल गाडींत पत्ते खेळणारांचे जे कंपू बसतात, त्यांच्यांत या बाबतींत अधिक शहाणपण आहे, असें आमचें निरीक्षण आहे. गुडघ्यांवर बॅग, बॅगेवर वर्तमानपत्र, त्यावर डाव. घाटकोपर गेल्यावर नवीन पानें वाटावयाचीं नाहींत, हा नियम बदलापुरास पहिलें पान पडण्यापूर्वींच सर्वांस माहीत असतो. पुढें असलेला कोणी मुद्दाम सावकाश पान टाकूं लागला तर बाकीचे त्याला तसें करूं देत नाहींत. अंबरनाथास नवा गडी चढला तरी त्याला आधीं हें सांगतात, मग जागा देतात.

तसेंच आमच्या मैदानांवरहि करतां येईल. सामन्याची वेळ, षटकांची संख्या, आणि उशीर झाल्यास षटकें कोणाचीं व किती कापावयाचीं, हें फळ्यावर लिहून दोन्ही कर्णधारांची सही नाणेफेकीपूर्वीं घ्यावी. दूर जाणाऱ्या संघाचा सामना आधीं लावावा. आणि पाहुण्यांचे सत्कार खेळ सुरू होण्यापूर्वींच उरकून घ्यावे. नारळ तेव्हांहि तितकाच गोड लागतो.